इंजीन अण्णाचं, पातं माझं

६ मार्च १९४९, रविवार

आज वखारीची वाटणी झाली. नानांना, आमच्या वडिलांना, जाऊन वर्षही झालं नाही, आणि त्यांच्या डोंबिवलीच्या वखारीच्या मधोमध किंजळीच्या ओंडक्यांची रांग लागली. रांगेच्या स्टेशनकडच्या बाजूला मी, कोपर गावाकडच्या बाजूला अण्णा. अण्णा माझा थोरला भाऊ. दुसरं भावंड नाही, म्हणजे भांडायलाही आम्ही दोघेच.

मध्यस्थ म्हणून हरिहरमामा आले होते. त्यांनी ठाण्याच्या कोर्टात जन्मभर वकिली केली. भांडण मिटवण्यापेक्षा ते व्यवस्थित मांडण्याचा त्यांना सराव जास्त. ओंडके, जळाऊ फाटी, कुऱ्हाडी, तराजू, सगळं जेवणाआधी बिनबोभाट वाटून झालं. बैलजोडीतलासुद्धा एकेक बैल वाटला. अडलं ते भुंग्यापाशी.

भुंगा म्हणजे लाकूड कापायचं मशीन. लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पात लष्कराच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा नानांनी ते हौसेने आणलं. एका टोकाला पेट्रोलचं इंजीन, त्याला लांबलचक पोलादी पातं, आणि पात्याच्या कडेने सायकलच्या साखळीसारखी गरगर फिरणारी दातांची साखळी. चालवायला दोन माणसं लागतात. एकाने इंजीन धरायचं, दुसऱ्याने पात्याच्या पलीकडच्या टोकाची मूठ. आवाज असा की कोपर गावातली गुरं माना वर करतात. म्हणून भुंगा.

अण्णा म्हणाला, "विकून टाकू. बाळला खेळणं हवंय, दुसरं काय!"

मी एका मुलीचा बाप आहे. चार माणसांत मला बाळ म्हणतात ते नाव म्हणून, वय म्हणून नव्हे. मी म्हटलं, विकायचं नाही. मामांनी डोळे मिटून विचार केला आणि निवाडा दिला: इंजीन थोरल्याचं, पातं आणि साखळी धाकट्याची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "पण मामा, मग ते चालणार कसं?" मामा म्हणाले, "चालवण्याचा प्रश्न वाटणीत येत नाही. मंगळवारी अण्णाची लाकडं कापा, शनिवारी तुझी."

उठताना मी अण्णाला सांगितलं, "यापुढे मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

"नको बोलूस. पण लिहून ठेव, आधी तूच बोलशील."

म्हणून लिहून ठेवलं आहे. मी तर बोलणार नाहीच. अण्णा किती दिवस दम धरतो, याची मात्र मला भारी उत्सुकता आहे.

१२ मार्च १९४९

होळी दोन दिवसांवर आली. आळीआळीतून लाकडांची मागणी, आणि माझ्याकडे नुसतं पातं. पातं घेऊन मी मधल्या छपरात सकाळपासून बसलो होतो. ते अण्णाच्या बाजूने स्पष्ट दिसतं, मुद्दाम दिसेल असं बसलो होतो. अण्णाचं इंजीन त्याच्या ओटीवर ताडपत्रीखाली. तो तिथे दात कोरत बसलेला.

दुपारी उत्तरा म्हणाली, "वहिनींकडे साखर आहे का बघून येते." बायकोला असल्या वेळी साखर सुचते! ती परत आली ती रिकाम्या वाटीनेच. पण योगायोग बघा, तेवढ्यात अण्णा इंजीन उचलून छपरात आला.

न बोलता मशीन जोडणं मजेचं काम आहे. तो बोल्ट पुढे करतो, मी नट लावतो. हनुवटी वर केली म्हणजे उचल. डोळे मिटले म्हणजे थांब. भुंगा सुरू झाल्यावर तर अडचण उरलीच नाही, कारण त्या आवाजात बोलणारी माणसंही मुकीच. एका चिंचेच्या बुंध्याचे आम्ही पाहता पाहता तुकडे केले. पातं लाकडात उतरत असताना एक नवीच गोष्ट कळली. माझ्या मुठीत नुसतं इंजीन थरथरत नाही, अण्णाचा हातही कळतो. तो जोर कधी देतो, कधी आखडता घेतो, सगळं पोलादातून माझ्या मनगटापर्यंत येतं. हे कसं होत असेल?

काम संपताच तो इंजीन घेऊन गेला, मी पातं घेऊन आलो.

२ मे १९४९

आमच्याकडून लाकूड नेणाऱ्या शीलाकाकू आज वखारीत येऊन कडाडल्या. त्यांच्याकडे सासऱ्यांचं श्राद्ध होतं. सोवळ्यात स्वयंपाक झाला, पानं वाढली, आणि भटजी आमटीचा भुरका घेऊन म्हणाले, "मोटारीचा वास येतोय." साखळीला मी मोटारीचं वापरलेलं तेल घालायचो. ते लाकडात मुरतं आणि चुलीत जळताना वास सोडतं. "पितर काय बसने आले होते का रे बाळ?" काकूंनी विचारलं. मला हसू आलं, ते मी गिळलं.

मामांना विचारलं तर ते म्हणाले, यंत्राने कापलेलं लाकूड सोवळ्यात चालावं की नाही यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. म्हणजे उपयोग शून्य. मग मीच डोकं चालवलं. देवळात दिव्याला करंजेल चालतं, मग साखळीला का चालू नये? आज करंजेल घालून बघितलं. धूर कमी, वास सोसवेल असा. सोवळ्याचा आणि साखळीचा, दोन्ही प्रश्न सुटले.

अण्णाने करंजेलाचा डबा उचलून हुंगला आणि परत ठेवला. बोलला नाही.

१९ नोव्हेंबर १९५०

एक शोध लागला आहे, त्याची इथे नोंद करतो.

लाकूड कापून कुऱ्हाड बोथटते, करवत बोथटते, मग साखळी का बोथटत नाही? दीड वर्षात ऐन, धावडा, बाभूळ, काय काय चिरलं. धावडा तर लोखंडाला लाज आणतो. तरी मंगळवारी डब्यातून साखळी काढावी तर दाताला बोट लावायची सोय नाही, अशी धार. मी तिला एकदाही कानस लावलेली नाही. लावायची कशी तेही मला माहीत नाही.

माझं अनुमान असं की हा करंजेलाचा गुण आहे. काम झालं की मी साखळी करंजेलाच्या डब्यात बुडवून ओटीवर ठेवतो. तेल पोलादात मुरतं आणि धार आतून वर येते. मामांना हे पटलं. उत्तराला सांगितलं तर ती पदराने तोंड झाकून आत गेली. बायकांना शास्त्रात गोडी नसते.

१३ ऑगस्ट १९५१

आज सोमवार, नेहमीप्रमाणे शीळफाट्यापर्यंत जाऊन आलो. मुंब्र्याच्या बाजूने येणाऱ्या लाकडाच्या गाड्या तिथेच गाठल्या तर चांगला माल हाती लागतो. परत आलो तर साखळीच्या डब्याचं झाकण उलटं. उत्तराला विचारलं. म्हणाली, "मी तेल बदललं." सांगायचं कारण, माझ्या शोधात ती एवढा रस घेते हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

संध्याकाळी अण्णा त्याच्या ओटीवर धोतर झटकत होता. धोतरातून बारीक चमकदार काहीतरी पडत होतं. अभ्रकाची पूड असेल. अण्णाला अभ्रक कशाला लागतं कोण जाणे.

१२ फेब्रुवारी १९५२, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

आज आंब्याचं जुनं खोड कापत होतो. कोणी कधीकाळी कुंपणासाठी ठोकलेला खिळा आत होता. बाहेरून दिसत नव्हता. साखळी खिळ्यावर आली, पातं माझ्या बाजूला उसळलं, आणि माझ्या सदऱ्याची बाही साखळीत गेली. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की भुंगा एकदम बंद पडला. अण्णाने इंजीन बंद केलं होतं. बाही कोपरापर्यंत गेली, हात शाबूत.

अण्णाचा चेहरा पांढराफटक. त्याचं तोंड उघडलं. माझंही उघडलं. भुंगा बंद होता, एक शब्द पडला असता तरी ऐकू आला असता. मी थांबलो, आधी तो बोलेल म्हणून. तोही थांबला. मग सुमतीवहिनी धावत आल्या आणि त्याच बोलायला लागल्या, "भावजी, लागलं का? दाखवा बघू." अण्णाने माझा हात धरून उलटसुलट करून पाहिला, बोटं एकेक करून वाकवून बघितली, आणि घरात निघून गेला.

आता वाटतं, मी बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण तोही बोलला नाही, हेही खरं.

१६ फेब्रुवारी १९५२

मंगळवारी खिळ्याने साखळीचे दात पार दुमडले होते, मी डोळ्यांनी पाहिले. आज शनिवारी डबा उघडला तर सगळे सरळ, सगळ्यांना धार. करंजेल! हे कुठल्या तरी मासिकाला कळवलं पाहिजे.

२० नोव्हेंबर १९५४

मुंबईहून एक तरुण विक्रेता आला होता. कोट, टाय, घामाने भिजलेला. त्याच्या कंपनीचं नवं मशीन एकटा माणूस चालवू शकतो म्हणे. आम्ही दोघे छपरातच होतो, भुंगा जोडलेला होता. त्याने तो कौतुकाने पाहिला. "अरे वा, हे तर म्युझियममध्ये पाहिजे! साखळी बघू? फर्स्ट क्लास ठेवलीय हां. दर दोन-चार दिवसांनी कानस मारता वाटतं?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

"कधीच नाही? साहेब, मस्करी करता काय? आठवड्यात दगड होईल दगड."

मी त्याला करंजेलाचं शास्त्र समजावून सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग अण्णाकडे. अण्णा पेट्रोलच्या टाकीत डोकावून बघत होता. टाकीत इतका वेळ बघण्यासारखं काय असतं? विक्रेत्याचा चेहरा एकदम गमतीशीर झाला. "बरोबर आहे. करंजेल. मी पण सांगेन लोकांना," तो म्हणाला.

मग त्याने विचारलं, "मग घेताय का एकट्याचं मशीन? कोणाची वाट बघायला नको, कोणाची गरज नको."

मी ताबडतोब नको म्हटलं. कारण विचाराल तर मला लगेच सुचलं नाही. नंतर सुचलं की एकट्याने उचलायचं मशीन पाठीला त्रासाचं. अण्णानेही मान हलवून नको म्हटलं. नानांचा भुंगा विकून टाकू म्हणणारा हाच तो.

३ जानेवारी १९५६

फारसं लिहिण्यासारखं नाही. डोंबिवलीत घराघरांत स्टोव्ह आले. लाकूड घेणारे कमी झाले. आता मंगळवार-शनिवार मिळून एका दिवसाचंही काम नसतं. तरी आम्ही दोन्ही दिवस कापतो. आज तर मी आधीच कापलेल्या फाट्या परत आखूड केल्या. आखूड फाट्या स्टोव्हवाल्यांना बंबासाठी बऱ्या पडतात.

गोदूबाई आमच्या दोन्ही बाजूंच्या मोळ्या डोक्यावरून चाळीत पोचवते. आज म्हणाली, "शेट, दोन भाव मुकं, नि ह्यो भुंगा एकलाच बोलतंय. तुमचं बोलनं त्याच्यावरच सोरलंय का तुमी?" मी म्हटलं, "बाई, मोळी उचला."

आमची मुलगी चित्रा रोज जेवते अण्णाकडे, झोपायला येते आमच्याकडे. तिला वाटणी लागू नाही.

१० डिसेंबर १९५७, मंगळवार

भुंग्यात काहीतरी बिघाड आहे. पाऊस संपल्यापासून बघतो आहे, पात्यातून एक वेगळी थरथर येते. इंजिनाची नव्हे. इंजिनाची थरथर एकसारखी असते. ही मध्येच येते, बारीक, आणि कापणं थांबवलं की जास्त जाणवते. मी माझ्या बाजूचे सगळे नट घट्ट केले. मग खुणेने अण्णाला त्याचे बोल्ट दाखवले. त्याने मान डोलावली आणि हात पंच्यात गुंडाळून घेतले. थंडी एवढी नव्हती.

आता इंजिनाखालचा रबर बदलून बघावा.

१८ जानेवारी १९५८, शनिवार

सुमतीवहिनी हातगाडीवर इंजीन घालून आल्या. गाडी वखारीतला गडी दगडू ओढत होता.

"भावजी, हे म्हणाले, इंजीन आता तुमच्याकडेच राहू दे. त्यांच्याच्याने होत नाही."

"का?"

"हात थरथरतात. चहाचा कप बशीत वाजतो, सदऱ्याचं बटन लागत नाही. कल्याणचे डॉक्टर म्हणाले कंपवात आहे. बरा होणारा नव्हे, हळूहळू वाढत जाणार."

मी रबराचा तुकडा हातात घेऊन उभा होतो. तो खिशात ठेवला.

म्हणजे ती थरथर अण्णाची होती. मी नट घट्ट करत बसलो.

वहिनी गेल्यावर इंजीन आणि पातं माझ्या ओटीवर शेजारी शेजारी ठेवलं. अख्खा भुंगा माझा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

२१ जानेवारी १९५८

आज दगडूला पात्याच्या टोकाला उभा केला आणि मी इंजीन धरलं. इतक्या वर्षांत मी या टोकाला कधी आलो नव्हतो. मला नेहमी वाटायचं की अवघड काम माझं, पात्याचं टोक सांभाळायचं. आता कळलं. सगळं वजन इंजिनाकडे आहे. धूर सरळ तोंडावर येतो. लोखंडी बाजू तापून मांडीला चटके देते. अर्ध्या तासात मी डोळे पुसत खाली बसलो. अण्णा इथे उभा राहून माझ्याकडे बघत असायचा. त्याचे डोळे लाल असायचे ते मी रागाचे समजत होतो.

वाटणीत थोरल्याला इंजीन मामांनी दिलं. पण टोकं बदलून घेऊ या असं अण्णाने कधी सुचवलं नाही, हेही खरं. खुणेनेसुद्धा नाही.

१ फेब्रुवारी १९५८, शनिवार

साखळी चालेना. लाकूड कापायच्या ऐवजी घासत होती, भुसा पडायच्या ऐवजी काळं पीठ पडत होतं. दगडूच्या बाजूला पातं दोनदा उसळलं. मी भुंगा बंद केला. दात बोटाने चाचपले तर गुळगुळीत. ताजं करंजेल घातलं, डबा उन्हात ठेवला, पुन्हा लावली. तसंच.

घरात येऊन उत्तराला म्हटलं, "तेल खराब आलं वाटतं. साखळीची धार गेली."

ती भाजी चिरत होती. विळी आडवी केली आणि रडायलाच लागली. "अहो, किती शहाणे हो तुम्ही! तेलाने कुठे धार येते का?"

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं सोमवारी तुम्ही शीळफाट्याला गेलात की मी डबा वहिनींकडे देत होते. शुक्रवारी तुम्ही कल्याणला गेलात की पुन्हा, आणि तुम्ही यायच्या आत डबा जागेवर. भाऊजी बसून एकेक दात घासायचे. पहिल्या होळीपासून. मला शपथ घातली होती, बाळला सांगायचं नाही. म्हणायचे, साखळी बोथटली की पातं उसळतं, आणि टोकाला बाळ असतो."

मी विचारलं, "आणि आता?"

"आता कानस धरता येत नाही. गेल्या सोमवारी दुपारभर बसले होते. तीन दात झाले नाहीत. मला म्हणाले, उत्तरा, आता तूच काहीतरी कर, त्याला साखळी लावू देऊ नको."

मी जेवलो नाही. भूक नव्हती. ओटीवर साखळी हातात घेऊन बसलो. या दातांवरून अण्णाचा हात किती वेळा फिरला असेल, याचा विचार करत होतो. आणि मी करंजेलाचा गुण म्हणून मासिकाला कळवायला निघालो होतो.

तीच तारीख, संध्याकाळी

गेलो होतो.

कानस दगडूकडून घेतली, साखळी पंच्यात घेतली, आणि किंजळीची रांग ओलांडून गेलो. अण्णा ओटीवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला बघून त्याने ते आणखी आत घेतले. मी वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरलो.

"अण्णा, ही कानस कुठून कुठे मारायची?"

सुमतीवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच आत गेल्या.

"आधी बस," अण्णा म्हणाला. आवाज जरा घोगरा झाला आहे त्याचा. मला तो आठवणीत वेगळाच होता. "दाताच्या आतून बाहेर. परत आणताना घासायची नाही, उचलायची. आणि सगळ्या दातांना सारखे हात. एकाला कमी, एकाला जास्त झाले की साखळी वाकडी चालते."

मी मारली. चुकली.

"अरे, अशी नाही. इकडे आण." त्याने हात मांडीखालून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. कानस दातावर टकटक वाजायला लागली. मला ती थरथर लगेच ओळखू आली. तो हात काढून घ्यायला लागला. "दात बिघडेल," म्हणाला.

"बिघडू दे. राहू दे हात."

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही, कारण तोही रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "आधी तूच बोललास."

"हो."

"मी म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. लिहूनसुद्धा ठेवलंय."

एवढ्या बोलण्याने तो इतका खूश झाला की वहिनींना चहा टाकायला सांगितलं. तो बशीतून पिताना सांडतो, म्हणून मीही मुद्दाम बशीतूनच प्यालो, आणि सांडला.

१२ एप्रिल १९५८, शनिवार

किंजळीचे ओंडके विकले. रांग गेली. मधल्या छपरात अण्णाची खुर्ची ठेवली आहे. मंगळवार असो, शनिवार असो, तो सकाळीच येऊन बसतो.

आणि बोलतो! इतकी वर्षं साठवलेलं सगळं बोलतो. ऐनाची रास मी पन्नास साली ओल्या जमिनीवर रचली, तेव्हाच त्याला सांगायचं होतं. त्रेपन्न साली शीळफाट्यावर मला पोकळ खैर गळ्यात मारला, ते त्याने लांबूनच ओळखलं होतं. नानांनी भुंगा आणला त्या दिवशी त्यालाही आनंद झाला होता, पण थोरल्याने नाचायचं नसतं. चित्राला पुढे शिकवायचं की नाही यावर त्याची आणि माझी रोज जुंपते. दगडू म्हणतो, "शेट, पयलं बरं व्हतं." कधी कधी मलाही वाटतं. बोलू लागलेल्या अण्णाशी पटवून घेणं सोपं नाही.

धार आता मी लावतो. त्याच्या धारेची सर नाही, तो रोज सांगतो.

परवा त्याला घेऊन कल्याणला डॉक्टरांकडे गेलो. अण्णा बाहेर बसला असताना ते मला म्हणाले, पुढे पुढे चेहरा थिजेल, पावलं आखूड पडतील, आणि आवाजही खोल जाईल. एवढा की जवळ बसूनसुद्धा ऐकू यायचं नाही. किती दिवसांनी, असं विचारलं. म्हणाले, ते प्रत्येकाचं वेगळं.

आज चिंचेचा एक मोठा बुंधा आला होता. मी इंजीन धरलं, दगडूने टोक. भुंगा सुरू केला, पातं उतरायला लागलं. सहज मान वर केली तर खुर्चीत अण्णाचे ओठ हलत होते. त्या आवाजात त्याचं त्यालाही काही ऐकू येत नसेल, तरी बोलतच होता.

मी भुंगा बंद केला.

"काय म्हणालास?"

"काही नाही रे. तू काप."

"नाही, सांग."

"बुंध्याखाली दगड लाव म्हटलं. सरकतोय तो."

मी दगड लावला. मग पालथं घमेलं ओढून त्याच्या खुर्चीजवळ बसलो, आणि म्हटलं, आणखी काय काय चुकतंय ते सांग. त्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बुंधा आज तसाच राहिला.